फॅमिली क्रॉसओव्हर घ्यायचीय? आधी मागच्या सीटवर जाऊन बसा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिलं काय होतं, तर ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं जातं आणि "बसून तर बघा" म्हणतात, मग आपण बसतो, स्टीअरिंग धरतो, समोरचा भलामोठा स्क्रीन बघतो, सीट जरा मागेपुढे करतो आणि निम्मा निर्णय तिथंच होऊन जातो. आता गंमत बघा, त्या गाडीत रोज चार-पाच जण बसणार आणि त्या सीटवर त्यातला एकच. बाकीच्यांना कोणी विचारलंच नाही! म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, मिडसाइझ फॅमिली क्रॉसओव्हर पारखायची तर मागच्या सीटवरून पारखा. आराम तर तिथून कळतोच, पण सेफ्टीत कुठे काटकसर केलीय आणि आपले पैसे कुठे उगाच चाललेत हेही बरंचसं तिथूनच दिसतं.

पण आधी क्रॉसओव्हर म्हणजे नक्की काय ते बघू, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. जुन्या पद्धतीची एसयूव्ही म्हणजे खरं तर ट्रकची चुलत बहीण, खाली शिडीसारखी लोखंडी फ्रेम, तिच्यावर इंजिन-चाकं आणि वरून बॉडी बोल्टनं बसवलेली. दगडधोंड्यात मजबूत, पण जड आणि डुलणारी. क्रॉसओव्हरमध्ये फ्रेम आणि बॉडी वेगळी नसतेच, सगळा मिळून एकच सांगाडा असतो, त्याला मोनोकॉक म्हणतात आणि साध्या कारमध्येही हेच असतं. १९९४ मध्ये टोयोटानं रॅव्ह४ आणली तीच मुळात कारच्या पार्टवर उभी केलेली होती आणि आजच्या बहुतेक क्रॉसओव्हर त्याच वाटेनं आल्यात. म्हणजे चेहरा जीपचा असला तरी आत कारच असते, फक्त उंच केलेली.

आणि ही उंची फुकट मिळत नाही. तिचा फायदा असा की सीट आपल्या कमरेच्या आसपास येते, त्यामुळे आत शिरताना खाली बसावं लागत नाही आणि उतरताना वर उठावं लागत नाही, सरळ बाजूला सरकायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा या एका गोष्टीची किंमत. लहान मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवतानाही कंबर मोडत नाही. पण त्या बदल्यात गाडीचं वजन वर सरकतं, हवेचा अडथळा वाढतो, वळणावर गाडी जास्त कलते. हे तिन्ही तोटे कसे झाकलेत, किती झाकलेत, यावर गाडी चांगली की वाईट ठरतं.

बरं, आता मागे बसायचं. पण तसंच नाही बसायचं, आधी ड्रायव्हरची सीट स्वतःच्या उंचीनुसार लावायची आणि मग तिच्याच मागे जाऊन बसायचं, नाहीतर शोरूममध्ये पुढची सीट इतकी पुढे सरकवलेली असते की मागे कुणालाही राजेशाही वाटेल. बसल्यावर गुडघे आणि पुढच्या सीटमधलं अंतर सगळेच बघतात, ते बघाच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मांड्या. सीट गाडीच्या फरशीपासून पुरेशी उंच नसेल तर गुडघे वर येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळं वजन बुडावर येतं. पहिल्या १० मिनिटांत काही कळत नाही, दोन तासांनी माणूस सारखा चुळबुळ करायला लागतो आणि मग म्हणतो गाडीत काहीतरी त्रास आहे बुवा. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये बॅटरी फरशीखाली असते म्हणून फरशी वर येते आणि हा त्रास जास्त जाणवतो, तिथं नीट बघा. दोन तास तर शोरूममध्ये बसता येणार नाही पण १५ मिनिटं तरी बसा, मोबाइल न बघता, पाय हलवायला किती जागा आहे, पुढच्या सीटखाली पंजे जातात का, हे सगळं.

पॅनोरामिक सनरूफ असलेली गाडी असेल तर डोक्याच्या वर हात घालून बघा. काच, तिची चौकट आणि पडदा या सगळ्याला जागा लागते आणि ती बऱ्याचदा मागच्यांच्या डोक्यावरूनच काढून घेतलेली असते, त्यामुळे त्याच गाडीच्या सनरूफ नसलेल्या व्हेरियंटमध्ये उंच माणूस सुखानं बसतो आणि टॉप व्हेरियंटमध्ये केस छताला लागतात. शिवाय काच जड असते आणि हे वजन नेमकं गाडीच्या माथ्यावर, जिथं ते अजिबात नको असतं. मधल्या सीटवर पण एकदा बसाच. ती बहुतेक गाड्यांमध्ये सीट नसून दोन सीटांमधला उंचवटा असतो, त्यामुळे गाडी पाच जणांची आहे की चार अधिक एक पाहुण्यांची आहे ते तिथं कळतं.

आता गाडी चालत असतानाचा आराम. इथं दोन वेगळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात. एक म्हणजे गाडीचं डुलणं, म्हणजे मोठ्या उंचवट्यावरून गेल्यावर अख्खी गाडी हळू वरखाली होते ते, साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा. दुसरं म्हणजे बारीक खडखड, सिमेंटच्या रस्त्याचे जोड, छोटे खड्डे, यांचा थेट पाठीला लागणारा दणका. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त वैतागतं ते सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या हादऱ्यांना, कारण पोटातले अवयव आणि मणका त्याच तालावर हलायला लागतात. आणि अगदी उलट टोकाला, पाच-पाच सेकंदांनी येणारा संथ झोका असतो ना, बोटीसारखा, त्यानं मळमळतं. म्हणून मऊ गाडी म्हणजे आरामदायी गाडी हे समीकरणच चुकीचं आहे. मऊ सस्पेंशनची उंच गाडी घाटात मुलांना उलट्या करायला लावते आणि कडक सस्पेंशनची गाडी खराब रस्त्यावर पाठ मोडते, चांगली गाडी यांच्या मधे कुठेतरी असते आणि ते मधलं ठिकाण कागदावर लिहिलेलं नसतं, बसूनच कळतं.

पण एक गोष्ट कागदावर असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, ती म्हणजे टायरचा नंबर. समजा खालच्या व्हेरियंटला २३५/६० आर १८ टायर आहे आणि टॉपला २३५/५० आर २० आहे. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या किती टक्के आहे ते. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचात. आता हिशोब करा, २३५ चे ६० टक्के म्हणजे १४१ मिमी आणि ५० टक्के म्हणजे ११७.५ मिमी. चाकाचा बाहेरचा व्यास दोन्हीकडे जवळपास सारखाच, ७४० मिमीच्या आसपास, पण रस्ता आणि रिम यांच्यात जी रबर आणि हवेची गादी आहे ती टॉप व्हेरियंटमध्ये साडेतेवीस मिमीनं कमी झाली. ती गादी हीच बारीक खडखड गिळणारी पहिली गोष्ट असते, सस्पेंशनचा नंबर त्यानंतर. म्हणजे आपण जास्त पैसे देऊन आराम कमी करून घेतला, खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढवून घेतली आणि टायर बदलायची वेळ येईल तेव्हा तो खर्चही सहसा जास्तच. दिसायला मात्र फार भारी दिसतं, हे मान्य. फोटोसाठी घेत असाल तर २० इंच घ्या.

मागच्या सस्पेंशनबद्दल थोडं. पुढे बहुतेक सगळ्यांकडे मॅकफरसन स्ट्रट असतं, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात, त्यात फार फरक नाही. मागे मात्र दोन प्रकार, एक टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं एका लवचीक आडव्या तुळईनं जोडलेली, स्वस्त, टिकाऊ, जागा कमी खाणारं, पण एका चाकाला दणका बसला की थोडा दुसऱ्यालाही जातो. दुसरा मल्टिलिंक, प्रत्येक चाक स्वतंत्र. कागदावर मल्टिलिंक जिंकतं, पण नीट ट्यून केलेलं टॉर्शन बीम हे आळशीपणे केलेल्या मल्टिलिंकपेक्षा बरं असतं, त्यामुळे नावावर भांडू नका. टेस्ट ड्राइव्हला गाडी दुसऱ्या कोणालातरी चालवायला द्या, स्वतः मागे बसा आणि ३०-४० च्या स्पीडनं खराब रस्त्यावरून न्यायला सांगा, मग मोकळ्या रस्त्यावर ९०-१०० ला. तेव्हा पुढच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं का बघा. ओरडावं लागत असेल तर ती गाडी लांबच्या प्रवासात सगळ्यांना थकवणार, कारण सतत कानावर येणारा चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज माणसाला न कळत दमवतो. उंच आणि चौकोनी गाड्यांमध्ये मागच्या चाकांचा आवाज डिकीतून आत घुमतो, तो पुढे बसलेल्याला कळतच नाही.

आता सेफ्टी. इथं लोक दोन शब्दांवर थांबतात, पाच स्टार आणि सहा एअरबॅग. दोन्ही चांगलेच आहेत पण स्टार म्हणजे परीक्षेचे मार्क, आणि मार्क बघताना परीक्षा कुठल्या वर्षीची आणि कुठल्या बोर्डाची हे विचारायला नको का? फियाट पुंटोचं उदाहरण घ्या, २००५ मध्ये युरो एनकॅपनं, म्हणजे युरोपात गाड्या आपटवून त्यांना स्टार देणाऱ्या संस्थेनं, ग्रँड पुंटोला पाच स्टार दिले होते आणि २०१७ मध्ये तीच गाडी, जुनीच होत आलेली, पुन्हा तपासली तर शून्य. गाडी कमजोर झाली नव्हती, परीक्षा कठीण झाली होती. म्हणून युरो एनकॅप आता रेटिंगला सहा वर्षांची मुदत लावतं. दुसरी गोष्ट, अमेरिकेची सरकारी संस्था एनएचटीएसए स्वतःच सांगते की समोरून धडकेचे स्टार फक्त साधारण ११३ किलोच्या आत-बाहेर वजन असलेल्या गाड्यांमध्येच तुलना करायचे. म्हणजे छोट्या कारचे पाच स्टार आणि मोठ्या क्रॉसओव्हरचे पाच स्टार एकमेकांसमोर उभे करता येत नाहीत, कारण त्या टेस्टमध्ये गाडी भिंतीवर आपटतात आणि भिंतीवर आपटताना प्रत्येक गाडी जणू स्वतःच्याच वजनाशी भांडत असते.

आणि मागची सीट? तिची टेस्ट इतकी वर्षं नीट झालीच नव्हती हे मला स्वतःला कळलं तेव्हा धक्का बसला होता. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांची आयआयएचएस नावाची संस्था आहे, ती ६४ च्या स्पीडनं गाडीचा पुढचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आपटवते. वर्षानुवर्षं त्यात पुढे डमी बसवून बघायचे. पण काळाच्या ओघात पुढच्या सीटची सुरक्षा खूप सुधारली आणि मागची होती तिथंच राहिली, म्हणून २०२२ मध्ये त्यांनी ड्रायव्हरच्या मागे एक छोटी डमी बसवली, लहान चणीची बाई किंवा १२ वर्षांचं मूल असेल एवढी. पहिल्या फेरीत १५ छोट्या एसयूव्ही आपटवल्या, तिकडे छोटी म्हणतात ती बाकी जगात बऱ्याच ठिकाणी मिडसाइझ धरतात, तर त्यातल्या फक्त २ गाड्यांना चांगला शेरा मिळाला आणि ९ थेट सगळ्यात खालच्या गटात गेल्या. आणि या सगळ्या जुन्या परीक्षेत हुशार म्हणून मिरवणाऱ्याच गाड्या होत्या!

का झालं असं ते समजून घ्या, अवघड नाही. तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ मध्ये आणला, तोच आजही वापरतो, पण त्यात दोन सुधारणा झाल्या. एक प्रीटेन्शनर, धडक झाली की क्षणात बेल्ट मागे खेचून ढिलेपणा संपवतो. दुसरा लोड लिमिटर, बेल्टचा ताण एका मर्यादेपुढे गेला की थोडा सैल सोडतो, म्हणजे बरगड्या बेल्टनंच मोडायला नको. पुढच्या सीटला या दोन्ही गोष्टी आता सर्रास असतात, मागे मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये नुसता पट्टा. मग धडकेत काय होतं, तर छोट्या अंगाचा माणूस बेल्टखालून पुढे घसरतो, कमरेच्या हाडावर असायला हवा तो बेल्ट पोटावर चढतो आणि आतल्या अवयवांना इजा होते. म्हणून ब्रोशर घेऊन सरळ विचारा, मागच्या दोन्ही बाजूच्या सीटना प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहेत का? समोरचा गोंधळला तर लेखी मागा. हा प्रश्न एअरबॅग किती या प्रश्नापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पण म्हणून कोणी मागे बेल्ट न लावता बसू नका. नुसता पट्टा असला तरी तो बेल्ट नसण्यापेक्षा हजारपट बरा, आणि मागचा बेल्ट न लावलेला माणूस धडकेत पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे दोघांचं नुकसान. मागचा बेल्ट लावला नाही तर कोणत्या सीटचा ते दाखवून आवाज करणारी सोय असेल तर उत्तमच.

हेडरेस्ट हा अजून एक दुर्लक्षित विषय. ते डोकं टेकायला नसतंच मुळी, मागून कोणी ठोकलं तर मान झटक्यात मागे जाऊ नये म्हणून असतं. त्याचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाएवढा यायला हवा आणि डोक्यापासूनचं अंतर १० सेंमीच्या आत हवं. मागच्या मधल्या सीटचं हेडरेस्ट बघा, असेल तर बघा म्हणजे, काही गाड्यांत ते इतकं ठेंगणं असतं की मानेलाच टेकू देतं, डोक्याला नाही.

चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या, ज्यांना आयसोफिक्स म्हणतात, बहुतेकांकडे असतात, पण त्या सीटच्या कापडात किती खोल गाडल्यात हे हात घालून बघा, स्वतःची चाइल्ड सीट असेल तर सोबत न्या आणि लावून बघा. मागे तोंड करून बसवायची सीट लांब असते, ती लावल्यावर तिच्यापुढच्या सीटवर मोठा माणूस मावतो का? युरोपच्या आय-साइझ नियमात मूल किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागेच तोंड करून बसवायचं आहे, आणि त्यामागचं कारण सोपं आहे, त्या वयात डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कोवळी. आणि मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही नाही, कधीच नाही.

आता परत उंचीकडे येऊ. गाडी उलटण्याचा धोका मोजायचं एक अगदी साधं गणित आहे, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर अर्धं करायचं आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. उत्तर जितकं मोठं तितकी गाडी स्थिर. समजा चाकांमध्ये १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंमीवर, तर १.२३ येतं, तेच बसक्या कारमध्ये १.४ च्या पुढे जाऊ शकतं. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका ऑटो मॅगझिननं मर्सिडीजची उंच आणि आखूड ए-क्लास घेऊन अचानक रस्त्यात हरीण आल्यावर जसं वळवतो तशी वळवली आणि गाडी आडवी झाली. मर्सिडीजनं मग त्या गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल सरसकट द्यायला सुरुवात केली, जे तोवर महागड्या गाड्यांची चैन होती. ही यंत्रणा काय करते, तर स्टीअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय याची सतत तुलना करते आणि फरक पडला की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी जागेवर आणते. कोणीही माणूस एका पायानं चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावू शकत नाही. आयआयएचएसच्या अभ्यासानुसार यामुळे दुसरी गाडी न गुंतलेले जीवघेणे अपघात जवळपास निम्म्यावर येतात. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. उंच गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नसेल तर पुढचं काही बघायचीच गरज नाही, उठून चालू लागा. आणि छतावर सामान बांधाल तेव्हा आठवण ठेवा की तुम्ही त्या भागाकारातला खालचा आकडा वाढवताय.

आपोआप लागणारा ब्रेक ही दुसरी खरंच उपयोगाची गोष्ट, पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे प्रकार त्यानं साधारण निम्म्यानं कमी होतात असं तीच संस्था सांगते. बाकी लेन धरून ठेवणं वगैरे आवडीनिवडीचा भाग, काहींना मदत वाटते, काहींना स्टीअरिंगशी कुस्ती. फोर व्हील ड्राइव्हबद्दल एक गैरसमज मात्र फार पसरलाय, की त्यानं गाडी सुरक्षित होते. निसरड्यावर गाडी निघायला त्याची मदत होते, थांबायला नाही! ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात. उलट चिखल-बर्फाशी रोजचा संबंध नसेल तर ते जास्तीचं वजन आणि जास्तीचं इंधन वर्षभर ओढत बसायचं, त्यापेक्षा तेच पैसे चांगल्या टायरवर घाला.

स्क्रीनवर मला जास्त लिहायचं नव्हतं पण लिहितो. २०२२ मध्ये स्वीडनच्याच वी बिलेगारे नावाच्या मॅगझिननं ११० च्या स्पीडला ड्रायव्हरला एसी, रेडिओ अशी चार साधी कामं करायला सांगितली. २००५ च्या बटणांच्या व्होल्वोत १० सेकंद लागले, ३०६ मीटर. सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाल्या गाडीत ४४.६ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर, सव्वा किलोमीटरहून जास्त माणूस अर्धं लक्ष रस्त्यावर ठेवून गेला. तेव्हा टेस्ट ड्राइव्हमध्ये काच पुसायचं आणि एसी कमी-जास्त करायचं काम न बघता जमतंय का एवढंच तपासा. आणि बॉनेट फार उंच असेल तर नाकासमोर उभं राहिलेलं लहान मूल दिसतच नाही, हे घरातल्या एखाद्या पोराला पुढे उभं करून स्वतः बघा, पटकन कळतं.

राहता राहिला पैशाचा मामला. गाडीची किंमत म्हणजे घेताना दिलेले पैसे असं आपण समजतो, पण खरी किंमत म्हणजे घेतानाचे वजा विकतानाचे, आणि मधल्या काळात इंधन, विमा, सर्व्हिस, टायर, कर्जाचं व्याज. समजा दोन गाड्या आहेत, एक १०० ला घेतली आणि पाच वर्षांनी ५५ ला गेली, दुसरी ९० ला घेतली आणि ३५ ला गेली. स्वस्त कुठली? पहिलीनं ४५ खाल्ले, दुसरीनं ५५. म्हणून घेण्याआधी त्याच मॉडेलच्या पाच वर्षं जुन्या गाड्या काय भावानं विकल्या जातायत ते बघायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. तिथंच अजून एक गोष्ट दिसेल, सेकंडहँड बाजारात टॉप आणि मधल्या व्हेरियंटमधला फरक बराच आकसलेला असतो. सनरूफसाठी दिलेले पैसे परत देणारा ग्राहक सहसा भेटत नाही.

मायलेजचा हिशोब करताना सगळेच एक चूक करतात. लिटरला १० किमी देणाऱ्या गाडीऐवजी १२ देणारी घेतली तर हजार किलोमीटरला १०० लिटरऐवजी ८३ लागतात, १७ लिटर वाचले. २० ऐवजी २४ देणारी घेतली तर ५० ऐवजी ४२, म्हणजे ८ च वाचले. दुसरीकडे आकडा जास्त वाढला तरी बचत निम्मी. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना लिटरला किती किमी हे न बघता १०० किमीला किती लिटर हे बघा, मग डोळ्यांना फसायला होत नाही. हायब्रिडसाठी जास्त पैसे द्यायचे की नाही हेही यातूनच सुटतं, पण त्यात तुमचं रोजचं चालणं कुठलं ते धरा. थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिड खरं कमावते कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद ती बॅटरीत परत भरते, तर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या स्पीडनं जाताना ब्रेकच लागत नाही मग परत भरणार काय? तिथं वाऱ्याशी लढाई असते, आणि १०० वरून १२० वर गेलात की वाऱ्याचा जोर ४४ टक्क्यांनी वाढतो, उंच गाडीला तर मुळातच जास्त वारा खायला लागतो.

डिकीच्या लिटरवरही आंधळा विश्वास नको. युरोपीय पद्धतीत डिकी एक-एक लिटरच्या ठोकळ्यांनी भरून मोजतात, २०० गुणिले १०० गुणिले ५० मिमीचे ठोकळे, ते कोपऱ्या-कोपऱ्यात जातात, तुमची बॅग जात नाही. शिवाय काही कंपन्या काचेपर्यंत मोजतात, काही छतापर्यंत, काही फरशीखालचा कप्पाही धरतात. सरळ घरातली सगळ्यात मोठी बॅग आणि मुलाची ढकलगाडी घेऊन जा आणि ठेवून बघा, लाजायचं काय त्यात, पैसे आपण देणार आहोत.

आणि एक आकडा ब्रोशरच्या अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. गाडीचं भरलेलं कमाल वजन आणि रिकामं वजन. दुसरा पहिल्यातून वजा केला की माणसं आणि सामान मिळून किती न्यायची परवानगी आहे ते येतं. समजा ४५० किलो आलं. पाच मोठी माणसं प्रत्येकी ७५ किलो धरली तर ३७५ झाले, उरले ७५, पाच जणांच्या बॅगांना, पाण्याच्या कॅनला आणि छतावरच्या कॅरियरला मिळून. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलाय का तेही विचारा, युरोपात ७५ किलोचा धरतात, मग हिशोब जरा सुटतो. सात सीटच्या गाडीत तर हे गणित आवर्जून करा, कारण कित्येकदा सातही सीट भरल्या की सामानासाठी वजनही उरत नाही आणि जागाही. टॉप व्हेरियंटचं रिकामं वजन जास्त असतं पण कमाल वजन बऱ्याचदा तेवढंच, म्हणजे काचेच्या छतानं आणि मोठ्या चाकांनी तुमच्या बॅगांचा वाटा आधीच खाल्लेला असतो.

तेव्हा दुसरी टेस्ट ड्राइव्ह मागा, एकट्यानं नाही, अख्खं घर आणि बॅगा घेऊन. पाच जण बसलेले असताना चढावर गाडी कशी ओढते, मागचं सस्पेंशन किती खाली बसतं, मोठ्या उंचवट्यावर ते तळाला आपटतं का, एसीची हवा मागे किती वेळात पोचते. जमलं तर अंधार पडल्यावर जा, हेडलाइट दिवसा तपासता येत नाहीत. आणि परत आल्यावर किल्ली देण्याआधी मागे बसलेल्यांना विचारा, आधी त्यांना बोलू द्या.